‘ङ’ कशासाठी शिकायचा? इंग्रजी गीते गाणाऱ्यांसाठी उच्चारांचा एक पाठ



मागच्या नाताळात अकोले तालुक्यातील वसतिगृहाच्या चौदा मुली एका मंडळीच्या निमंत्रणावरून गीते गायला गेल्या होत्या. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या या मुली, पाचवी ते नववीतल्या. त्यांनी दोन मराठी गीते म्हटली, तेव्हा सगळे मन लावून ऐकत होते. तिसरे गीत इंग्रजी होते. दुसऱ्या ओळीलाच मागच्या बाकांवरून हसू ऐकू आले. मुली ‘विल’ऐवजी ‘इल’ आणि ‘एंजल’ऐवजी ‘येंजल’ म्हणाल्या होत्या. गीत कसेबसे पुरे झाले. नंतर जेवताना कुणी काही बोलले नाही, पण परतीच्या बसमध्ये सातवीतली एक मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली, आणि नाताळानंतरच्या पहिल्या सरावाला ती आलीच नाही. आवाज तिचाच सर्वांत चांगला. बोलावून विचारले तर म्हणाली, “बाई, मराठी म्हनते. इंग्रजी नको.”

ते कोणत्या मंडळीत घडले हे सांगत नाही. असे हसू कुठेही येऊ शकते. दोष खरा तर माझा होता. मी मुलींना चाल शिकवली, शब्द पाठ करून घेतले, पण इंग्रजी शब्द म्हणताना जीभ कुठे लावायची, ओठ कसे ठेवायचे, हे एकदाही दाखवले नाही. मलाच कुणी शिकवले नव्हते, ही सबब. गेले काही महिने मी ते शिकत आहे आणि मुलींबरोबर करून पाहत आहे. त्यातले जे उपयोगी पडले ते इथे मांडते. आपल्या गायकवृंदांना, शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आणि नाताळ फेरीत गाणाऱ्या तरुण संघालाही ते चालेल.

आधी एका प्रश्नाला उत्तर देते, कारण तो मला दोन वडीलधाऱ्यांनी विचारला: आदिवासी मुलींना इंग्रजी गीते हवीत कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तो फार जुना आहे. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला सुरू झाले. त्या काळच्या उपासनेत बरीचशी गीते म्हणजे इंग्रजी गीतांचे मराठी रूपांतर आणि वर पाश्चात्त्य चाल. चालीचा जोर एका अक्षरावर, शब्दाचा दुसऱ्यावर. जिथे मराठी अक्षर दीर्घ तिथे सूर आखूड, आणि जिथे ऱ्हस्व तिथे सूर लांब. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर नारायण वामन टिळक नगरला आले, आणि १९१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी ओवी, अभंग, भजन या आपल्या घाटांत इतके लिहिले की मराठी ख्रिस्ती माणसाच्या गाण्याची वाटच बदलली. त्याआधी कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. या माणसांचा धडा मी असा घेते: गाण्यात भाषेचा जोर आणि सुराचा जोर एकत्र आला पाहिजे. तो धडा मराठीला लागू आहे तसाच इंग्रजीलाही आहे. मराठी गीतांची जागा इंग्रजीने घ्यावी असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण मुलींना शाळेत इंग्रजी आहे, पुढे नर्सिंगला जायचे त्यांच्या मनात आहे, आणि इंग्रजी गीताची मागणी त्यांनीच केली होती. त्यांनी मागितले ते नीट द्यावे, एवढेच.

आता पाठाकडे.

शाळेत आपण वर्ण शिकलो ते स्थानांप्रमाणे: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. ही मांडणी हजारो वर्षांची आहे, आणि उच्चार शिकवायला तिच्याइतके चांगले साधन मला सापडले नाही. जगभरच्या भाषांचे ध्वनी लिहिण्यासाठी आंतरराष्ट्रीय लिपी तयार करणारी संस्था १८८६ मध्ये पॅरिसला निघाली. तिच्या तक्त्यातही ध्वनी ओठांपासून घशापर्यंत स्थानांप्रमाणेच मांडलेले असतात. म्हणजे क-ख-ग-घ-ङ ही ओळ पाठ असलेल्या मुलीला ध्वनिशास्त्राची अर्धी वाट माहीत असते.

पहिली गोष्ट टी आणि डी या अक्षरांची. आपण त्यांच्या जागी सरळ ‘ट’ आणि ‘ड’ म्हणतो, म्हणजे जीभ मागे वळवून टाळूला लावतो. ‘त’ म्हणावे तर जीभ दातांना लागते. इंग्रजी टी या दोहोंच्या मधला आहे: वरच्या दातांच्या अगदी मागे जो हिरडीचा उंचवटा आहे, तिथे जिभेचे टोक लागते. हे सांगून कुणालाही जमत नाही. पण एक युक्ती आहे. ‘नाऽ’ म्हणा. जीभ कुठे लागली ते पाहा. मराठी ‘न’ त्याच उंचवट्यावर होतो. आता जीभ तिथून न हलवता ‘ट’ म्हणा. झाला इंग्रजी टी. तसाच डी. आमच्या मुली घरी ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘कोण’ला ‘कोन’ म्हणतात, त्याबद्दल शाळेत त्यांना टोकले जाते. या पाठात त्याच मुली सगळ्यांच्या आधी टी शिकल्या. योगायोग असेल, पण त्या दिवशी वर्गात जरा उजेड पडल्यासारखा वाटला.

दुसरी गोष्ट ‘व’ची. मराठीत एकच ‘व’ आहे आणि इंग्रजीत दोन ध्वनी: व्ही आणि डब्ल्यू. आपला ‘व’ दोघांच्या मधे कुठेतरी पडतो, म्हणून आपण बहुतेक जण दोन्हीकडे चुकतो आणि ते आपल्याला कळतही नाही. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठावर हलकेच टेकवायचे आणि आवाज काढायचा. ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. डब्ल्यूसाठी दात बाजूला ठेवा. ओठांचा ‘ऊ’ करा आणि तिथून पुढच्या स्वरावर झटकन उडी मारा: ‘ऊ-ई’ म्हणजे ‘वी’, आपण, ‘ऊ-इल’ म्हणजे ‘विल’.

ज्या शब्दावर हसू आले तो हाच. आमच्या भागात, आणि खेडोपाडी इतरत्रही, ‘इ’च्या आधीचा ‘व’ गळतो: वीस म्हणजे ईस, विहीर म्हणजे इहीर, विस्तव म्हणजे इस्तू. मुलींनी ‘इल’ म्हटले ते आळसाने नव्हे. त्यांच्या बोलीचा तो नियमच आहे आणि तो त्या चोख पाळत होत्या. ‘ऊ’पासून सुरुवात करायला सांगितल्यावर दोन दिवसांत ‘विल’ सुटा झाला.

याच नियमाची भावंडे म्हणजे ‘एक’चे ‘येक’ आणि ‘ओठ’चे ‘वठ’. म्हणून ‘एंजल’चे ‘येंजल’ आणि ‘ओपन’चे ‘वोपन’ होते. उपाय सोपा आहे. शब्द सुरू करण्याआधी तोंड ‘आ’सारखे उघडे ठेवायचे, आणि तिथूनच ‘ए’ किंवा ‘ओ’ काढायचा. ‘य’ म्हणायला जीभ आधी वर चढावी लागते. तोंड उघडे असले की ती चढत नाही.

तिसरी गोष्ट टीएचची, जिची सगळ्यांना धास्ती असते. आपण ‘थ’ किंवा ‘द’ म्हणून भागवतो. फरक ओळखायची एक कसोटी सांगते: ध्वनी धरून ठेवता येतो का? ‘द’ धरता येत नाही, तो फुटतो आणि संपतो. इंग्रजी टीएच ‘स’सारखा लांबवता येतो. जिभेचे टोक दातांच्या फटीत हलकेच ठेवा आणि वारा सतत जाऊ द्या. गळ्याला बोट लावून पाहा: ‘थँक’मध्ये गळा थरथरत नाही, ‘द’ या उपपदात थरथरतो. हे जमले नाही तर अडून बसू नका. गाण्यात हे शब्द लहान असतात. मऊ ‘द’ कुणाच्या कानाला खुपत नाही. ‘ड’ मात्र खुपतो. आणखी एक बारकावा: हे उपपद स्वराच्या आधी आले की ‘दी’ होते आणि व्यंजनाच्या आधी ‘द’. दहा जणांतले पाच ‘दी’ आणि पाच ‘द’ म्हणाले की एकच ओळ दोन गायकवृंद म्हणत असल्यासारखी वाटते.

‘ज’बाबत आपण भाग्यवान आहोत. ‘जीव’मधला ‘ज’ वेगळा आणि ‘जहाज’मधला वेगळा, हे मराठी माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. इंग्रजी झेड हा ‘जहाज’च्या ‘ज’चा जवळचा नातेवाईक आहे; फक्त जीभ टेकवायची नाही, मधमाशीसारखा गुंजारव चालू ठेवायचा. येशूचे इंग्रजी नाव घ्या. पहिला ध्वनी ‘जीव’चा, मधला मधमाशीचा, शेवटचा साधा ‘स’: ‘जीझस’. आपल्याकडे सर्रास ‘जीजस’ ऐकू येते. लिहून देताना मधल्या ध्वनीसाठी ‘झ’ लिहिला तरी चालेल, पण तो ‘झाड’सारखा हकारयुक्त म्हणू नये.

शब्दाच्या शेवटच्या ‘स’बद्दल एक जुनी व्यावहारिक सूचना. वीस जणांनी वीस वेळी ‘स’ सोडला तर सापाचे वारूळ होते. दोघा-तिघांनाच ‘स’ म्हणायला सांगा, बाकीच्यांनी तो गिळावा. ऐकणाऱ्याला सगळ्यांनी म्हटल्यासारखेच वाटते.

आता ‘ङ’. क-ख-ग-घ म्हणून झाले की मुले या अक्षरापाशी अडखळतात, कारण ‘वाङ्मय’सारखा एखादा शब्द सोडला तर ते भेटतच नाही. आपण ‘रंग’, ‘अंग’ म्हणतो तेव्हा तो ध्वनी असतो, पण लगेच मागून ‘ग’ येऊन त्याला झाकतो. इंग्रजी ‘सिंग’ आणि ‘किंग’ या शब्दांच्या शेवटी ‘ग’ नाहीच. तिथे नुसता ‘ङ’ आहे: ‘सिङ्’, ‘किङ्’. आपण ‘किंऽग्ग’ असा दणका देतो आणि सूर तुटतो. जीभ मागे टाळूला लावून नाकातून सूर चालू ठेवा आणि शेवटी नुसते थांबा. ‘सिङर’मध्येही ‘ग’ नाही, पण ‘फिंगर’मध्ये आहे, इंग्रजी भाषा अशी लहरी आहे, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

इथपर्यंत व्यंजने झाली. पण गाणे व्यंजनांवर उभे राहत नाही, स्वरांवर उभे राहते. सूर लांबतो तो स्वरावर. व्यंजन फक्त दार उघडते आणि लावते. म्हणून ‘नाइट’ हा शब्द चार मात्रा धरायचा असेल तर साडेतीन मात्रांहून अधिक ‘नाऽऽऽ’ आणि ‘इट’ अगदी शेवटी. मुली ‘नाईऽऽऽट’ म्हणायच्या. ‘ई’वर आवाज चिमटला जातो आणि वरच्या पट्टीत तर किंचाळल्यासारखा होतो. ‘जॉय’चेही तसेच: ‘जॉऽऽऽ’ आणि मग निसटता ‘य’. ‘वर्ल्ड’मध्ये ‘ल्ड’ शेवटच्या क्षणापर्यंत राखून ठेवायचा.

एक गंमत सांगते. ‘डे’, ‘होली’ असे शब्द इंग्रज माणूस बोलताना ‘डेइ’, ‘होउली’ असे जोडस्वराने म्हणतो. आपण सरळ ‘ए’ आणि ‘ओ’ म्हणतो. बोलताना हा आपला दोष मानला जातो, पण गाताना पाश्चात्त्य गायनशिक्षक आपल्या विद्यार्थ्यांकडून मोठ्या कष्टाने हाच शुद्ध, लांब स्वर काढून घेतात. आपल्याला तो जन्मतः मिळाला आहे. तो बिघडवू नये.

‘र’बद्दल गायकवृंदाने आपसात ठरवून घ्यावे. ब्रिटिश पद्धतीत शब्दाच्या शेवटचा आणि व्यंजनाआधीचा ‘र’ म्हणत नाहीत: ‘स्टाऽ’, ‘लॉऽड’. अमेरिकन बोलताना तो म्हणतात. नगरला आलेले मिशनरी अमेरिकन होते, तेव्हा परंपरा सांगायची तर आपल्याला ‘र’ म्हणायला हरकत नाही! पण गाताना तो लांबवला की स्वर आत ओढला जातो, आणि आपला ‘र’ तर जीभ फडफडवणारा. म्हणून मी तो गाळायला शिकवते. स्वराआधीचा ‘र’ मात्र ठेवायचा, जसा ‘ग्लोरी’मध्ये आहे.

सर्वांत कमी शिकवली जाणारी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आघात. मराठीत प्रत्येक अक्षराला साधारण त्याचा वाटा मिळतो. इंग्रजीत शब्दातले एक अक्षर मालक आणि बाकीचे नोकर. नोकर अक्षरांचा स्वर पुष्कळदा विरून जातो आणि जो उरतो तो जवळपास आपला ‘अ’. आपण देवनागरीत ‘सायलेंट’ लिहितो आणि मग ‘लें’ ठासून म्हणतो. प्रत्यक्षात ते ‘साय्-लंट’ आहे, जोर ‘साय’वर. ‘हेवन’मध्ये जोर ‘हे’वर, ‘रिजॉइस’मध्ये ‘जॉ’वर. चांगल्या इंग्रजी गीतात जोराचे अक्षर चालीच्या जोराच्या मात्रेवर बसवलेले असते. तबल्याच्या भाषेत सांगायचे तर मालक अक्षर समेवर येते. नोकर अक्षरावर जोर दिला की शब्द कळत नाही, मग बाकीचे उच्चार कितीही शुद्ध असोत.

म्हणून आता मी गीते इंग्रजी लिपीत न देता देवनागरीत लिहून देते, पण शब्दकोशातले स्पेलिंग पाहून नव्हे तर कानाने ऐकून. जोराच्या अक्षराखाली रेघ मारते. स्वर लांबवायचा तिथे ऽ हे चिन्ह. संगीताच्या पुस्तकांतून ते मुलींच्या ओळखीचे आहे. न म्हणायची अक्षरे लिहीतच नाही. याने एक फायदा असा झाला की माझ्याच चुका मला दिसल्या. मी आयुष्यभर ‘शेफर्ड’ म्हणत आले. खरा उच्चार ‘शेपर्ड’. तिथे ‘फ’ नाहीच, मेंढी आणि राखणारा असे दोन शब्द जोडले आहेत. स्तोत्राला इंग्रजीत ‘साल्म’ नव्हे, ‘साम’ म्हणतात. गीताला ‘हिम्न’ नव्हे, ‘हिम’. मागच्या बाकांवर हसणाऱ्यांपैकी किती जण ‘शेपर्ड’ म्हणतात, हे विचारायचा मोह मी आवरते.

सरावाची रीत थोडक्यात सांगते. पहिले पाच मिनिटे चाल नाही, फक्त शब्द, तेही टाळीच्या ठेक्यावर. टाळी मालक अक्षरावर. मग व्यंजने काढून नुसते स्वर त्याच चालीत गायचे. हे पहिल्यांदा विचित्र वाटते आणि मुली खूप हसतात, हसू द्यावे. शेवटी दोन्ही एकत्र. एका आठवड्यात एकच ध्वनी. एका वेळी सहा चुका दाखवल्या की मूल गाणेच सोडते, हे मी अनुभवाने सांगते. आणि बोलीला नावे ठेवायची नाहीत. घरी ‘इहीर’ म्हणणाऱ्या मुलीने घरी ‘इहीर’च म्हणावे, इंग्रजी गीतासाठी तिने तोंडाची आणखी एक ठेवण शिकायची आहे, पहिली टाकून द्यायची नाही.

मुलींना मी आणखी एक गोष्ट सांगितली. जगभर गायले जाणारे ‘सायलेंट नाइट’ हे नाताळ-गीत मुळात इंग्रजी नाहीच. योसेफ मोर नावाच्या ऑस्ट्रियातील पाळकाने १८१६ मध्ये त्याचे शब्द जर्मन भाषेत लिहिले, फ्रान्झ ग्रुबर नावाच्या शाळामास्तराने चाल दिली, आणि १८१८ च्या नाताळाच्या आदल्या रात्री ओबर्नडॉर्फ या लहानशा गावी ते प्रथम गायले गेले. आज प्रचलित असलेले इंग्रजी शब्द १८५९ चे, म्हणजे चाळीस वर्षांनंतरचे. इंग्रजी बोलणाऱ्यांनीही ते दुसऱ्याकडूनच घेतले आहे. यावर आठवीतल्या एकीने विचारले, “मग जर्मन लोक इंग्रजांना हसले नसतील का, बाई?” मला उत्तर सुचले नाही.

सातवीतली ती मुलगी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर सरावाला येऊन दारात बसू लागली. गात नव्हती, नुसती ऐकायची. ‘ङ’चा पाठ झाला त्या दिवशी तिने पहिल्यांदा तोंड उघडले. “बाई, ह्यो ‘ङ’ आमी पयलीपासून लिवतोय, पन म्हनला कधीच नव्हता.” मग तिने ‘किङ्’ म्हणून दाखवले, ‘ग’ न लावता, आणि सूर नाकात धरून ठेवला. इतर मुली मोजू लागल्या. अकरापर्यंत मोजले. आता ती दुसऱ्या रांगेत उभी राहते. ‘विल’ अजून कधी कधी ‘इल’ होतो, तेव्हा शेजारची मुलगी तिला हळूच ओठांचा ‘ऊ’ करून दाखवते.

या नाताळात तीच दोन मराठी गीते आणि तेच इंग्रजी गीत आहे. जाणे त्याच मंडळीत आहे. मुलींनीच तसे ठरवले.